भाऊजींची खास सुटका

"सगळ्यांनी पुढे या, परत परत दाखवणार नाही," भाऊजी मॅटवर आडवे होत म्हणाले, आणि मामाने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. परत परत नाही म्हणे! वर्षानुवर्षं दुसरं काय चाललं होतं?

भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान, समोरच्याचा हात पिरगाळून हरवायच्या या कुस्तीच्या क्लासचे सर. त्यांची मुलगी याला मामा म्हणायची, म्हणून अख्खा क्लासच मामा म्हणे. मामाचं काम काय, तर मॅट पुसायच्या, कुलूप लावायचं आणि मधल्या वेळात सरांचा हात पिरगाळायचा. म्हणजे पिरगाळल्यासारखं करायचं. हात मांड्यांत धरून, कोपर ताणून मागे रेलायचं. मग भाऊजी अंगठा खाली वळवणार, खांद्याला एक झटका देणार, की हात बाहेर! पोरं टाळ्या पिटणार. या भानगडीला भाऊजींनी 'माझी खास सुटका' असं नाव दिलं होतं.

खास कसली, डोंबलाची! झटका बसला की मामा पकड ढिली करायचा, एवढंच त्यातलं गुपित. सुरुवातीला भाऊजी डोळ्यांनी खुणावायचे. पुढे तेही बंद झालं, कारण गृहस्थाचा स्वतःच्याच थापेवर विश्वास बसला. छाती पुढे काढून सांगायचा, "आपल्याला आजवर कुणी थोपटायला लावलेलं नाही." थोपटणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर थापा मारून हरलो म्हणणं, समोरच्याने थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, हा इथला नियम. ताई म्हणायची, "सांभाळून घे रे त्यांना." तो घेत होता.

पण उद्या मुलीची लढत होती, आणि समोरची पोर नुसती हाताच्या मागे लागणारी. मागच्या लढतीत तिने एकीचं कोपर निखळवलं होतं. मघाशी मुलगी बिनधास्त म्हणाली होती, "धरलंच तिने, तर बाबांची सुटका आहेच की, मामा. मी काही थोपटणार नाही."

"हं, धर," भाऊजी म्हणाले.

मामाने धरलं. आज खरंखुरं धरलं.

भाऊजींनी अंगठा वळवला, झटका दिला. हात जागचा हलला नाही. पोरं हसली, त्यांना वाटलं, सर गंमत करतायत. आणखी एक झटका. काही नाही.

"अरे, सोड ना," भाऊजी दातांतल्या दातांत म्हणाले.

"थोपटा की. सोडतो."

"पोरांसमोर?"

"पोरांसमोरच."

भाऊजींचा चेहरा लालबुंद झाला, घाम फुटला, पण थोपटतील तर शपथ! कोपर गेलं तरी बेहत्तर, ऐट जाता कामा नये. कसल्या माणसाच्या गळ्यात बांधलं आपण ताईला, असं मामाच्या मनात आलं, आणि कोपर आणखी ताणायला त्याने कंबर जराशी उचलली.

तेवढ्यात त्याच्या पोटरीवर दोन थापा पडल्या. मुलगी वाकून उभी होती. बापाच्या वतीने तिनेच थोपटलं होतं. मामाने हात सोडला.

भाऊजी कोपर पोटाशी धरून उठले. "बघितलंत?" ते धापा टाकत म्हणाले. "चुकीचं केलं की असं अडकतं. मुद्दाम दाखवलं."

निर्लज्जपणाची हद्द झाली! मामाने मुलीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. आता ती आपल्याकडेच येणार, खरं काय ते विचारणार, याची त्याला खात्री होती. त्याची छातीही थोडी फुगली.

ती आली. "तू रोज ढिलं धरत होतास?"

"अगं, तुझे बाबाच..."

"बाबांचं राहू दे. तुला माहीत होतं ना? मी लहान असल्यापासून?"

मामाने तोंड उघडलं, पण ताईचं नाव पुढे करायची त्याला लाज वाटली.

तिने दोघांकडे एकदा पाहिलं. इतकी तुच्छता मामाने भाऊजींसाठीही कधी डोळ्यांत आणली नव्हती. मग ती मागे उभ्या असलेल्या नर्सबाईंकडे गेली. बाई नुकत्याच क्लासला यायला लागल्या होत्या, अंगाने दणकट, आणि खोटं धरायला त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"बाई, माझा हात धरता? अगदी खरंखुरं."

"दुखेल गं तुला."

"दुखू दे."

बाईंनी धरला. ती धडपडली, वळली, अडकली आणि तिने थोपटलं. बाईंनी लगेच सोडला.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा अडकली, पुन्हा थोपटलं. एकेक करत सगळी पोरं तिच्याभोवती जमली. भाऊजी आणि मामा मॅटच्या कडेला शेजारी शेजारी उभे राहिले. त्यांना कुणी बाजूला व्हा असंही म्हटलं नाही.