चार बोटं पुढे

बायको, वानदी, गेल्याचं बुनथामला कळलं तेव्हा तो याओ मिस्त्रीच्या दुकानात पिकअपच्या केबिनमध्ये वाकून मोजायचा टेप धरत होता. शेजारची सीट काढून बाहेर ठेवली होती. फोन लम्यायचा, वानदीच्या धाकट्या बहिणीचा. पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं होतं. सकाळी वानदीने पेज घेतली, आणि मग रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. बुनथामने विचारलं, जवळ कोण होतं. लम्याय म्हणाली, मी होते, तुम्ही कुठे आहात? तो म्हणाला, दुकानात. कसल्या दुकानात ते त्याने सांगितलं नाही.

सांगण्यासारखं नव्हतंच. दोन वर्षं त्या नवराबायकोचं याच एका गोष्टीवरून वाजत होतं. पिकअप लहान, पुढे दोन सीटा आणि मागे टरबुजं भरायचा हौदा. दारातले स्पीकर नुसते चिरकत. लाम या तिकडच्या लोकगाण्यात ढोल लागला तरी केबिनमध्ये डबा वाजवल्यासारखं वाटे. बुनथामला सबवूफर, ढोलाचा घुमारा देणारा मोठा स्पीकर, हवा होता. पण त्याचा बॉक्स ठेवायला जागा एकच, सीटच्या पाठीमागे, आणि तिथे तो ठेवला की वानदीची सीट चार बोटं पुढे सरकणार. तिचा गुडघा पुरता वाकत नसे. "माझा गुडघा ठेवा, नाहीतर तुमचा ढोल ठेवा," ती म्हणायची. "दोघं एका गाडीत मावणार नाहीत."

ती चार दिवस इस्पितळात राहणार होती. तेवढ्यात बसवून टाकू, चार बोटांनी काही होत नाही हे तिला घरी आणतानाच दाखवू, असा त्याचा बेत होता. आदल्या संध्याकाळी तिने फोनवर विचारलं, गाडी कुठे आहे? तो म्हणाला, तेल बदलायला टाकली आहे. ते त्यांचं शेवटचं बोलणं.

सीट परत बसवायला अर्धा तास लागला असता. तो तसाच निघाला.

वानदीला त्याच पिकअपमधून घरी आणलं. लम्याय मागे हौद्यात शवपेटीजवळ उदबत्ती धरून बसली. गेलेल्या माणसाला वाटेत रस्ता सांगावा लागतो, नाहीतर जीव मागे राहतो. वळण आलं की वळतोय म्हणायचं, पूल आला की पूल ओलांडतोय म्हणायचं. लम्याय मागून सांगत होती, बुनथाम पुढून. ची नावाच्या नदीच्या पुलावर तो म्हणाला, "पूल आला, वानदी, चल," आणि सवयीने डावीकडे बघितलं. तिथे उघडा पत्रा होता आणि चार बोल्टांची भोकं. पुढचे दोन पूल त्याने सांगितले नाहीत. सांगायचं तरी कुठे बघून, हे त्याला कळेना. लम्यायचा आवाज मागून येत होता, तेवढ्यावर भागलं.

दहन झालं, अस्थी विहारात ठेवल्या. तीन आठवड्यांनी याओने निरोप धाडला की काका, तुमची सीट न्या, तिच्यावर कोंबडी अंडी घालायला लागली आहे. बुनथाम गेला. शंभराव्या दिवसाच्या पुण्यकर्मासाठी चटया घ्यायच्या होत्या, म्हणून लम्यायही मागे बसून आली. सीट इथे काढून ठेवली होती हे तिला दुकानात कळलं. ती बॉक्सकडे बघत राहिली. काळ्या गालिच्याने मढवलेला, दहा इंची स्पीकरचा बॉक्स होता.

"भावजी," ती म्हणाली, "मेल्यावर तरी तिच्या गुडघ्याला जागा द्या."

याओ म्हणाला, नको असेल तर राहू द्या, काका, माझं दुसरं गिऱ्हाईक आहे. बुनथामला हो म्हणता येईना. नको असंही त्याला म्हणता येईना. बॉक्स परत केला असता तर तेल बदलण्याची थाप तेवढी शिल्लक राहिली असती.

"आधी सीट बसव," तो म्हणाला. "जुन्या खाचेत. एक बोटही पुढे नको. मग माझ्या सीटमागे काय उरतं ते बघ."

याओने सीट बसवली, अंडं बाजूला ठेवलं आणि टेप लावला. दहा इंची बसणार नाही, तो म्हणाला, त्याचा बॉक्स पाठीला टोचेल. आठ इंची बसेल, चपटा, आणि तोही बंद बॉक्समध्ये, कारण भोकवाल्या बॉक्सला आत हवा जास्त लागते आणि तेवढी जागा नाही. आवाज कमी येईल. शिवाय तुमची सीट चार बोटं पुढे येईल, गुडघे स्टिअरिंगला लागतील.

"लागू देत."

"काका, तुम्ही रोज शंभर किलोमीटर चालवता."

"तिच्यापासून चोरून बसवत होतो," बुनथाम म्हणाला. "आता तिच्यादेखत बसवू."

लम्याय बाहेर जाऊन उभी राहिली. याओने पुढे वाद घातला नाही. स्पीकरचं तोंड पाठीकडे केलं तर मणक्यात धडधडेल, म्हणून त्याने ते वानदीच्या सीटकडे वळवलं, आणि गाडी उसळली तरी हलू नये म्हणून बॉक्स दोन पट्ट्यांनी जमिनीला आवळला. वायर दाराच्या कडेने नेली. बुनथाम आत बसला. गुडघे खरोखरच लागले.

राहिला आवाज लावायचा, म्हणजे ढोल गाण्याशी जुळवायचा. त्या कामाला शेजारच्या सीटवर माणूस लागतो; ढोल गाण्यावर चढतो की नाही हे तिथूनच कळतं, चालवणाऱ्याला कळत नाही. लम्याय परत आली होती. तिने चपला काढल्या आणि दार उघडलं.

"बसते मी," ती म्हणाली. "मला कळतं गाण्यातलं."

"नको," बुनथाम म्हणाला.

तिने दार लावलं आणि मागे चटयांवर जाऊन बसली. याओने ढोलाच्या आवाजाचं बटण अगदी कमीवर ठेवलं आणि म्हणाला, कुणी सापडलं की या, पाच मिनिटांचं काम आहे.

शंभरावा दिवस होऊन गेला. पाच भिक्खू आले, जेवले, अख्खं गाव जेवलं. लम्याय अजूनही मागेच बसते. बुनथाम उबोनच्या बाजाराला जातो तेव्हा पूल आला की सांगतो, आणि डावीकडे बघून सांगतो. स्टिअरिंग लागून त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला काळा डाग पडला आहे. गाणी लागतात, ढोल लागतो, पण कमीवर ठेवलेल्या बटणावर तो जेमतेम कळतो. आवाज लावायचा अजून राहिला आहे.