सासूबाईंच्या मनगटावरचा सेल

माझी बायको वारली, म्योंगही तिचं नाव. तेव्हापासून सासूबाई माझ्याकडेच आहेत. त्यांना आता फारसं आठवत नाही. लेकीला शोधायला म्हणून त्या घरातून निघून जातात आणि मी गल्ल्या पालथ्या घालतो. ठावठिकाणा कळवणारं घड्याळ आणलं होतं. "हाताला धोंडा कशाला बांधलाय?" म्हणत त्यांनी ते काढून फेकलं.

मी देगू शहरात कापडावर छपाई करतो. हल्ली आमच्या कारखान्यात वीज देणारे पातळ सेलही छापतात. जाळीतून आधी जस्ताची शाई ओढायची, मग बाकीचे थर. सेल कापडासारखाच वाकतो. माझी मुलगी बोरा तिथेच शाई कालवते. ती म्हणाली, "बाबा, आजीला सेल छापलेली कापडी पट्टी करू. हाताला जाणवणारच नाही."

पट्ट्या छापल्या आणि नेमकी सुकवायची भट्टी बंद पडली. मी त्या घरी आणल्या. आमच्या घरांची जमीन खालून तापते, मिरच्याही तिच्यावरच वाळतात. गरम पाण्याचे पाइप शिरतात तिकडची ऊबदार जागा घरातल्या मोठ्यांची. सासूबाई तिथून सरकल्या.

"चांगल्या असतील त्या इथे ठेवा, जावईबापू. त्यांना काय दारात बसवणार?"

मी चांगल्या तिथे मांडल्या. डाग पडलेल्या होत्या त्या दाराशी, गार जागी.

सकाळी बोराने चांगली पट्टी वाकवली. शाईला भेगाच भेगा.

"बाबा, भाजल्यात की काय?"

"आजीने मानाची जागा दिली."

"मान देऊन वाट लावली!"

मग तिने दाराशी ठेवलेली वाकवली. सावकाश वाळल्यामुळे शाई मऊ राहिली होती. तारा जोडल्यावर दिवा लागला. बोराने त्यावर ठिकाण कळवणारा नखाएवढा तुकडा बसवला.

"डाग आहे हिच्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"जावयाच्या हातची आहे, आजी."

"मग असायचाच."

त्यांनी पट्टी बांधू दिली आणि विसरून गेल्या.

मंगळवारी त्या पुन्हा निघून गेल्या. फोनवर ठिपका सोमुन बाजारात थांबलेला दिसला. मी हातातलं काम आवरून निवांत चालत गेलो. शेवयांच्या गाड्यापाशी बाकावर त्या बसल्या होत्या, समोर दोन वाडगे.

"उशीर केलात. म्योंगही कुठंय?"

"ती नाही आली, आई."

त्यांनी दुसरा वाडगा पुढे सरकवला.

"गार होतंय. तिच्या वाटचं तुम्ही खा."

मी शेजारी बसलो आणि खाल्लं.