फुगणारे मोजे आणि रोगाचं पाणी

"आलं! बाहेर आलं!" व्यायामशाळेचा हॉल एका आवाजात ओरडला.

खुर्चीत बसलेल्या अण्णांच्या पायांत मांडीपर्यंत रबरी मोजे होते. यंत्र घरघरलं की ते फुगायचे, पाय आवळायचे, पुन्हा सैल पडायचे. शेजारच्या बाटलीत पिवळं पाणी ठिबकत होतं.

"हे रोगाचं पाणी!" यंत्रमहाराज गरजले. अंगात डॉक्टरांचा कोट, गळ्यात मण्यांची माळ. दोन्ही दुकानं एकाच अंगावर. "डॉक्टर गोळ्या चारत बसतात, मी रोगच पिळून काढतो!"

मोजे उतरवले. अण्णांच्या मुलीने गळ्यातली टेप काढून पोटरी मोजली. शिवणकामात तिची जिंदगी गेली होती, तिचं माप चुकायचं नाही. दीड इंच कमी! तिने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. हृदय कमजोर झाल्यापासून अण्णांच्या सुजलेल्या पायांत चप्पलही शिरत नव्हती. महाराजांच्या सांगण्यावरून तिने अण्णांची, अंगातलं जादा पाणी काढणारी लघवीची गोळी बंद केली, त्याला आज तिसरा दिवस होता.

"अण्णा, जरा मागे टेका."

"नको गं पोरी... टेकलं की गुदमरतंय."

तिने महाराजांकडे पाहिलं.

"रोग जाताना लाथा झाडतोच," महाराज हसले.

तिने मोजा उचलून उलटा केला. आजवर ढिगाने रेनकोट शिवले होते तिने. अस्तर कोरडं ठणठणीत, कुठे सुईएवढंही भोक नाही.

"पायातून पाणी आलं, तर अस्तर भिजलं कसं नाही?"

"श्रद्धा लागते, ताई!"

"कापडाला कसली श्रद्धा?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाटलीत येणाऱ्या नळीचा माग धरत ती यंत्राच्या टेबलापाशी गेली आणि तिने टेबलावरची चादर खेचली. खाली पंप लावलेला पिवळ्या पाण्याचा कॅन होता. यंत्र बंद होतं, तरी घरघर ऐकू येत होती. ती अण्णांच्या छातीतून येत होती.

"गाडी आणा कोणीतरी!" ती किंचाळली.

दवाखान्यात अण्णांना ऑक्सिजन लावून झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. "असं यंत्र आम्हीही वापरतो, पण पेशंट पारखून. ते थेंबभरही पाणी बाहेर काढत नाही, पायातलं वर ढकलतं. धडधाकट हृदयाला ते झेपतं. यांचं आधीच दमलेलं, त्यात गोळी बंद. पाणी फुप्फुसात साठलं. गोळी कोणी बंद केली?"

"मी," ती म्हणाली. शरमेने तिला मान वर करवेना.

अण्णा वाचले. दुसऱ्या दिवशी महाराज पसार झाले होते, पण हॉलच्या दारात रांग होतीच. ती रांगेसमोर जाऊन उभी राहिली.

"सूज उतरली म्हणजे रोग गेला असं नाही. कोणी पाणी काढलं म्हणालं, तर ते कुठून आलं आणि कुठे गेलं, हे विचारा. घरात हृदयाचा पेशंट असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं यंत्र लावू नका आणि गोळी तर मुळीच थांबवू नका. काल मी इथे टाळ्या वाजवत होते, तेव्हा माझा बाप बसल्या जागी बुडत होता."