तिघांसाठी एक पुस्तक

माझे सासरे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यवतमाळहून महागावला आले ते गुंजनला मागायलाच. त्यांनी ते लपवलंही नाही. एसटीतून उतरून घरी आले, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "भैरवी, जूनपासून गुंजन आमच्याकडं राहील. पाचवीचं वर्ष आहे. घरी बसवून पोरीचं नुकसान करायचं नाही. आता आठ दिवस नेतो, शाळा दाखवतो, मग पक्कं करू."

गुंजन माझी मोठी, दहा वर्षांची. तिच्या पाठीवर सात वर्षांचा श्रेयस आणि शेंडेफळ निशिगंधा, म्हणजे आमची निशू, साडेचारची. तिघंही शाळेत जात नाहीत. मीच घरी शिकवते. हौस म्हणून नव्हे. अभिषेकची, माझ्या नवऱ्याची, बँकेची नोकरी आणि पायाला भिंगरी लावलेल्या बदल्या. लागोपाठ तीन गावं झाली. दर वेळी नवी शाळा, नवा गणवेश आणि सत्राच्या मध्येच आलेलं पोर म्हणून मागचा बाक. दोन वर्षांपूर्वी श्रेयसला दर सोमवारी ताप यायला लागला तेव्हा मी म्हटलं, पुरे.

आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, लेखी हे सगळं खूळ. मुलांना शिकवणं ते काय एवढं, असंही वर म्हणायचे. ते तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ज्याची कुठं नोंद नाही ते झालंच नाही, असं मानणारा माणूस. हजेरीपटावर नाव नसलेली नातवंडं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. आणि मला तीन मुलांपैकी एक उचलून दुसऱ्या गावी ठेवणं मान्य नव्हतं. घर म्हणजे काय कापसाच्या पोत्यांचा ढीग आहे, की वरचं एक काढून नेलं तरी चालेल?

त्या दिवशी मी त्यांच्याशी चांगलीच भांडले. म्हणजे सासऱ्यांशी भांडतात तसं. आवाज न चढवता आणि चहात साखर कमी न करता.

"आबा, तुम्ही आधी बघा तर खरं, मी कसं शिकवते ते."

"दाखव," ते म्हणाले.

दाखवण्यासारखं माझ्याकडं होतं. सुरुवातीच्या वर्षी मी प्रत्येकाला त्याच्या वयाचा वेगळा पुस्तकसंच मागवला होता आणि तोंडघशी पडले होते. एकाला पाढे द्यावेत तर दुसरीचा इतिहास अडायचा, आणि तिसरी त्या दोघांच्या वह्यांवर मांडी घालून बसायची. दुपारी बारापर्यंत माझा घसा बसायचा आणि पोरांचं डोकं कोरडंच राहायचं. घरी शिकवणाऱ्या आयांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, तिथं विचारलं. पुण्यामुंबईच्या बायकांनी मला श्वास मोजायला सांगितलं. मी तिघांना मोजत होते, श्वास कुठून मोजणार?

मग मी संच कपाटावर टाकले. गणित आणि लिहिणं ज्याचं त्याला, बाकी सगळं एकत्र, असं ठरवलं. महिनाभर एकच विषय. पाण्याचा महिना आला की निशूनं लोट्यानं पाणी ओतायचं, श्रेयसनं मोजायचं, गुंजननं लिहून काढायचं. सांडलेलं पुसायचंही गुंजननंच. ते माझ्या वेळापत्रकात नव्हतं, पण व्हायचं तसंच.

खरी पंचाईत होती ती मोठ्यानं वाचून दाखवायच्या पुस्तकांची. रोज दुपारी मी एक पुस्तक तिघांना वाचून दाखवते. ते कोणाच्या मापाचं घ्यायचं? मोठीच्या मापाचं घेतलं तर धाकटी झोपते, धाकटीच्या मापाचं घेतलं तर मोठी जांभया देते. वाढत्या अंगाचे कपडे घेता येतात, वाढत्या डोक्याची पुस्तकं कशी घ्यायची?

उपाय सांगितला शेजारच्या खातूनबींनी. त्यांच्या मुलाचं, नासिरचं, हायवेला गॅरेज आहे. दुपारी त्या आमच्याकडं येऊन बसतात. मी वाचत होते आणि पोरं गप्प होती, ते बघून त्या म्हणाल्या, "अवो बाई, हुंकार भराले कोनी पाहिजे ना! बिना हुंकाराची कहानी म्हंजे भिताडाशी बोलनं. हुंकार बंद झाला का समजाचं, पोरगं झोपलं, नाहीतं मन उडालं त्याचं."

मला ते एकदम पटलं. मी नियमच केला. वाचनालयातून चार-पाच पुस्तकं आणायची, प्रत्येकाची दोन पानं वाचायची, वाक्यागणिक थांबायचं. तिघांचा 'हुं' आला तर पुस्तक घरात राहणार, एकाचाही तुटला तर परत जाणार. त्या गटावर मी हे लिहिलं तेव्हा पुण्याच्या एका बाईनं त्याला 'पद्धत' असं नाव दिलं. मी दोन दिवस हवेत होते. श्रेयसचा हुंकार अधूनमधून हुकायचा, निशूचा तिच्या लहरीवर होता, पण गुंजनचा कधी चुकला नाही. माझी पोरगी म्हणजे ऐकणाऱ्यांत पहिली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

आबांनाही तेच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आज मी वाचतो."

दुपारी कूलरसमोर सतरंजी टाकली. आबांनी चष्मा पुसला. पुस्तक एका अस्वलाचं होतं, ते आपली हरवलेली गुहा शोधत फिरतं. श्रेयस पालथा पडून ऐकत होता. निशू गुंजनच्या पुढ्यात बसली होती आणि गुंजन तिच्या केसांतला गुंता सोडवत होती. आबा वाचतात छान, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"अस्वल नदीकाठी आलं."

"हुं," तिघंही म्हणाली.

"त्यानं पाण्यात वाकून पाहिलं."

"हुं."

"मग अस्वल तहसील कचेरीत गेलं आणि त्यानं सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घेतलं."

"हुं," गुंजन म्हणाली.

श्रेयस उठून बसला. "आबा! खोटं वाचून राह्यले तुम्ही! असं नाही हाय त्याच्यात!" निशू टाळ्या पिटत ओरडली, "अस्वल कचेरीत! अस्वल कचेरीत!"

आबांनी पुस्तकावरून नजर हलवली नाही. त्याच सुरात पुढं म्हणाले, "साहेब जेवायला गेले होते, म्हणून अस्वल बाहेर बाकावर बसून राहिलं."

"हुं," गुंजन म्हणाली, आणि निशूचं डोकं सरळ धरून पुढचा गुंता सोडवायला लागली.

आबांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडं पाहून हळूच म्हणाले, "कचेरीत मी असंच करायचो. साहेब मसुदा ऐकतात की नुसते मान डोलावतात, ते बघायला मध्येच एखादं भलतं वाक्य घालायचो. निम्मे साहेब हुं म्हणायचे."

मला आधी आबांचा राग आला, मग गुंजनचा. "गुंजन, लक्ष कुठं होतं तुझं?"

ती दचकली. तिचा चेहरा लाल झाला. "इथंच होतं."

"मग हुं काहून म्हटलं?" मीही तिच्याच भाषेत घसरले.

तिनं कंगवा खाली ठेवला. खोटं बोलायची सवय नाही तिला, त्यामुळं उत्तर द्यायला वेळ लागला.

"मी हुं नाही म्हटलं तर तू पुस्तक वापस करते. मग निशू रडते. मग तिले मलेच घ्या लागते."

"म्हणजे तुला ही पुस्तकं आवडत नाहीत?"

"निशूले आवडते ना," ती म्हणाली. मग तिनं आबांकडं तोंड वळवलं. "आबा, तुमच्या तिथच्या शाळेत वर्गात सारे माझ्याच वयाचे राहतेत ना? लहान कोनी नाही ना?"

"नाही. सगळे तुझ्याच वयाचे," आबा म्हणाले.

"मग मी येतो," गुंजन म्हणाली.

आबा जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसासारखे काही दिसत नव्हते. चष्मा काढून उगाच पुसत बसले. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. वाईट वाटलंच, पण त्याहून लाज जास्त वाटली. इतके दिवस मी तिघांसाठी पुस्तकं निवडते म्हणून मिरवत होते. निवडत होते दोघंच. तिसरी माझ्या हाताखाली बिनपगारी शिक्षिका होती, आणि दहा वर्षांच्या त्या शिक्षिकेला आता बदली हवी होती.

रात्रीची भांडी आवरता आवरता माझं ठरलं. सकाळी आबांच्या गाडीच्या आधी मी बॅग भरून बाहेर आणून ठेवली. आबांनी सहज चेन उघडून पाहिली. वर निशूचा फुलांचा फ्रॉक होता.

"हे काय? गुंजनचे कपडे कुठायत?"

"गुंजन इथंच राहते, आबा. या दोघांना न्या तुम्ही. आठ दिवस."

"दोघांना? मी?"

"मुलांना शिकवणं ते काय एवढं, असं तुम्हीच म्हणता ना? आई आहेत मदतीला." मी रात्रीच सासूबाईंना फोन केला होता. त्या खूश होत्या, त्यांना आपल्या नवऱ्याची फजिती बघायची होती. तसं त्यांनी फोनवर बोलूनही दाखवलं.

आबांनी एकदा श्रेयसकडं पाहिलं, तो आतापासूनच खिडकीची जागा मागत होता. निशू त्यांच्या धोतराच्या सोग्याला लोंबकळत होती. स्टँडवर आर्णीमार्गे यवतमाळची गाडी लागली आणि तिघं चढले. निशू रडेल म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते, पण तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी येताना मी गुंजनला म्हटलं, "तुला आबांकडं जायचंच असेल तर जूनमध्ये जा. मी अडवणार नाही आणि रडणारही नाही." यातलं रडण्याचं खोटं होतं. "पण त्याआधी हे आठ दिवस माझे."

ती माझ्या पुढं चालायला लागली.

पहिले दोन दिवस तिनं काहीच केलं नाही. उशिरा उठली, कैऱ्या खाल्ल्या, छताकडं बघत पडून राहिली. स्वयंपाकघरात भांडं पडलं की दचकून निशूला शोधायची आणि मग पुन्हा आडवी व्हायची. मी वेळापत्रक काढलं नाही. हात शिवशिवत होते, पण काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात गेलो. तिनं वरच्या फळीवरचं एक जाडजूड पुस्तक ओढून काढलं. बर्फात अडकलेल्या एका जहाजाची हकीकत होती. चित्रं नाहीत, अक्षर बारीक, पानं पिवळी. मी दोन पानं वाचून बघूया म्हणणार होते, पण जीभ चावली आणि पुस्तक घेऊन आलो.

दुपारी मी पहिलं वाक्य वाचलं आणि सवयीनं थांबले. तिकडून काहीच आवाज नाही.

"थांबली काहून?" ती म्हणाली. "वाच ना."

मी वाचत गेले. तिचा हुंकार एकदाही आला नाही. प्रश्न मात्र आले, आणि असे आले की दुपारभर वाचूनही आम्ही किनारा सोडला नाही. समुद्राचं पाणी खारट, मग त्याचं बर्फही खारट का? जहाजात शिधा संपत आला तर आधी कोणाचं ताट कमी करतात? कप्तानाला भीती वाटली तर तो कोणाला सांगतो? मला काही माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं तेव्हा तिला भारीच आनंद झाला. एका वाटीत मिठाचं पाणी, एका वाटीत साधं पाणी घालून आम्ही फ्रीजरमध्ये ठेवलं आणि दर थोड्या वेळानं दार उघडून बघत बसलो. अभिषेक बँकेतून आला तेव्हा आम्ही दोघी बर्फ चाटत होतो. त्यानं घरातली शांतता पाहिली, दोन मुलं कमी आहेत याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि गुपचूप वर्तमानपत्र उघडलं.

हे प्रश्न तिच्यात कधीपासून होते कोण जाणे. दोन वर्षांत मी तिला फार कमी विचारलं होतं. सांगितलंच जास्त होतं. याला धर, तिला भरव, ते पुस.

आठ दिवस भरत आले आणि रविवारी आबांचा फोन आला. आवाज पार बसला होता. निशूनं त्यांचा चष्मा तांदळाच्या डब्यात लपवला होता, आणि श्रेयस त्यांच्या प्रत्येक गोष्टीत चुका काढत होता. "यांना एका जागी बसवायचं तरी कसं, भैरवी? एकाचं ऐकावं तर दुसरी पळते." मी तोंडावर हात धरून हसले. मग त्यांचा सूर बदलला. "उद्या सकाळच्या गाडीनं आणून सोडतो दोघांना. आणि ते जूनचं... मी आता काही म्हणत नाही. गुंजनलाच विचार."

मी स्पीकर लावला आणि फोन तिच्यासमोर धरला. तिनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"आबा, मी नाही येत तिकडं," ती म्हणाली. "पन त्या दोघायले अजून आठ दिवस ठेवा ना तुमच्यापाशी. आमचं जहाज अजून अडकून हाय."

पलीकडं आबा काहीतरी विनवण्या करायला लागले. मी मध्ये पडले नाही. काय ते तिलाच बोलू दिलं.