‘म्हणे’ नावाचा देव

मी टाळ आहे. टाळ एकटा नसतोच; आम्ही दोघे भाऊ एका दोरीला बांधलेले. पण धाकटा ठोकल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून मीच बोलतो.

आमचा जन्म झाशीत, ओरछा गेटजवळच्या एका ओतकाम करणाऱ्याच्या भट्टीत झाला, कोळशाच्या इंजिनांच्या काळात. पहिलं गिऱ्हाईक आलं ते जगन्नाथराव. झाशी जंक्शनवर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचं, ही त्यांची नोकरी. आवाज खणखणीत आला तर चाक धड, बद्द आला तर तडा. दुकानातले अकरा जोड त्यांनी कानाशी धरून वाजवले आणि बाजूला ठेवले.

दुकानदार वैतागला. “बाबूजी, टाळ ले रहे हो कि दामाद?”

बारावे आम्ही. आम्हाला वाजवून जगन्नाथराव म्हणाले, “हे खोटं बोलत नाहीत.” आणि पिशवीत टाकलं.

प्रेम नगरात निवृत्त गार्ड अनंतरावांकडे दर गुरुवारी संध्याकाळी रेल्वेतल्या मराठी मंडळींचं भजन बसे. अनंतराव सांगायचे, बाकीचे मागून म्हणायचे. शेवटचं भजन ठरलेलं होतं, कुणा जुन्या झाशीकरानं रचलेलं:

*देव ओसरीला आला,*
*म्यां डोळ्यांनी पाहिला!*

जगन्नाथराव पहिली ओळ म्हणत. दुसरी आली की ओठ मिटून घेत आणि आम्हाला दुप्पट जोरानं बडवत. एकदा घरी त्यांच्या पत्नीनं, यमुनाबाईंनी, विचारलंच.

“अहो, त्या ओळीला दातखिळी का बसते तुमची?”

“मी पाहिला नाही ना. जे तपासलं नाही ते ‘ठीक आहे’ म्हणून मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही. बाकीच्यांनी पाहिला असेल, ते म्हणोत.”

हे ते ऐटीत बोलले. पण तेव्हा मी त्यांच्या हातात होतो आणि त्यांची बोटं गार पडलेली होती. इतक्या भाग्यवान माणसांत आपण एकटेच कोरडे, हे त्यांना आतून लागत असे. तरी एक गुरुवार चुकवला नाही.

मग आली दत्तजयंती. आदल्या दिवशी अनंतराव एका लग्नाला गरौठ्याला गेले आणि तिथे त्यांनी चौदा दहीवडे खाल्ले. परत आले ते घसा बंद करूनच. इकडे त्यांच्या अंगणात ओरछा गेटकडची जुनी मराठी घराणी आलेली, शेजारची बुंदेली मंडळी आलेली, साठ-सत्तर माणसं बसलेली. अनंतरावांनी तोंड उघडलं तर नुसती हवा. त्यांनी जगन्नाथरावांकडे बोट केलं.

जगन्नाथरावांना घाम फुटला. चार भजनं तरी निभावली. पाचवं, शेवटचं, तेच. सांगणारा गप्प बसला तर भजनच थांबणार! त्यांनी डोळे मिटले आणि तान घेतली:

“देव ओसरीला आला, म्यां डोळ्यांनी पाहिला म्हणे…”

त्या ‘म्हणे’नं घात केला. ढोलकीवरच्या तानाजीचा हात समेवर पडायचा तो स्वतःच्या गुडघ्यावर पडला. आम्ही दोघे भाऊ एकमेकांना चुकून हवेत फिरलो. अर्धी मंडळी ‘पाहिला’वर थांबली, अर्धी ‘म्हणे, म्हणे’ करत पुढे गेली. अनंतराव आवाजाविना ओरडत दोन्ही हातांनी लाल झेंडी दाखवल्यासारखं करू लागले.

त्या गोंधळात शेजारचे मिठाईवाले हात जोडून अदबीनं म्हणाले, “भैया, ये ‘म्हणे’ कौन-से भगवान हैं?”

हशा पिकला. जगन्नाथराव हसले नाहीत. त्यांनी आम्हाला मांडीवर ठेवलं.

“मला माफ करा,” ते म्हणाले, “मी देव पाहिलेला नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तुमच्यापैकी कुणीतरी सांगा भजन.”

कुणी पुढे येईना. बायकांच्या बाजूनं यमुनाबाई म्हणाल्या, “मी कुठे पाहिलाय?”

“तू नाहीस पाहिला?”

“नाही बाई.”

जगन्नाथरावांनी तानाजीकडे पाहिलं. तानाजी गुडघा चोळत म्हणाला, “आपण तर ढोलकीकडे बघतो.” मग सगळ्यांच्या माना अनंतरावांकडे वळल्या. एकतीस वर्षं तेच सांगत आले होते. अनंतराव लाजले आणि हळूच नकारार्थी मान हलवली.

“मग इतकी वर्षं गळा काढून गाता कसे?” जगन्नाथराव जवळजवळ ओरडलेच.

यमुनाबाई म्हणाल्या, “आला कधी, तर ऐन वेळी काय म्हणायचं ते पाठ असावं. एवढं मोठं वाक्य तेव्हा कुठून सुचणार? गा आता, प्रसाद निवतोय.”

जगन्नाथरावांनी आम्हाला उचललं. या खेपेला बोटं गरम होती. त्यांनी अख्खी ओळ म्हटली, ‘म्हणे’ न लावता. सूर जरा चढाच लागला, तिसऱ्या वेळी आवाज फाटला आणि नाकही वाहू लागलं, पण ते थांबले नाहीत. मी खूप भजनं वाजवली. तसं परत वाजलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाण्यापूर्वी त्यांनी क्वार्टरच्या ओसरीतलं कोळशाचं पोतं ओढत मागच्या अंगणात नेलं.

“कोण येणार आहे?” यमुनाबाईंनी विचारलं.

“कुणी नाही. पाय अडखळतो,” ते म्हणाले आणि ओसरी झाडून काढली.

आता जगन्नाथराव नाहीत, यमुनाबाई नाहीत. माझ्या कडेला एक टवका उडालाय. त्यांची नात बकुळ मला वाजवते. तिला मराठी समजतं, बोलताना मात्र हिंदीच येतं. मंडळात कधी सहा जण असतात, कधी चार. गेल्या खेपेला पावसामुळे ती एकटीच आली आणि तरी दोन भजनं म्हणून गेली.

तेव्हा विनंती एवढीच, की गुरुवारी सहाला प्रेम नगरात या. आवाज नसला तरी चालेल. मागून म्हणायला माणसं कमी पडतात.