काकडी-गाजराचा लिलाव

जयगडच्या खारवीवाडीत योगिनी अंगणवाडी सेविका होती. सात वर्षांत तिने पोरांना बडबडगीतं शिकवली, रंग शिकवले, हात धुवायला शिकवलं. पण कच्ची भाजी काही त्यांच्या गळी उतरवता आली नव्हती. बांगड्याचं कालवण आणि भात मिळाला की बाकी कशाची आठवणही न होणारी ती पोरं. त्यात आता वरून निरोप आला होता : मुलांना कच्च्या भाज्यांचं रंगीत सॅलड करून खायला घाला, अकरा वाजता पर्यवेक्षिका येतील, फोटो काढतील.

सकाळी ती घरी काकड्या धूत होती, तेव्हाच तिच्या सासूबाईंनी, हिराबाईंनी, आपलं मत सांगून टाकलं होतं. कच्चा पाला गुरांनी खावा, माणसांनी नाही. हिराबाई गेली तीस वर्षं जेटीवर मासळी विकत होत्या आणि त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं वाडीत ऐकिवात नव्हतं. योगिनीने काकड्या पिशवीत भरल्या.

अंगणवाडीत तिने गाजर आणि बीट किसलं, काकडी-टोमॅटो बारीक चिरले. परातीत एकात एक गोल काढले. बाहेर हिरवा, मग केशरी, मग लाल. मधोमध मोड आलेले मूग. वरून लिंबू पिळलं, मीठ आणि ओलं खोबरं भुरभुरलं. परात अशी दिसत होती की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

पोरांना वाटलं नाही. दिशाने वास घेतला आणि पाठ फिरवून बसली. अजिंक्यने हा कुठला मासा म्हणून विचारलं, आणि मासाच नाही म्हटल्यावर तोंडावर हात दाबून धरला. सगळ्यांत धाकटी ऋतिका तर रडायलाच लागली. घड्याळात साडेदहा वाजले होते.

तेवढ्यात घराची किल्ली द्यायला हिराबाई आल्या. कमरेवर रिकामी पाटी, नुकत्याच जेटीवरून परतलेल्या. त्यांनी परात पाहिली, पोरांचे चेहरे पाहिले, सुनेचाही पाहिला. आता बोलणी खावी लागणार म्हणून योगिनीने मान खाली घातली. पण हिराबाईंनी पाटी खाली ठेवली, पदर खोचला, परातीसमोर बसकण मारली आणि जेटीवरचा आवाज लावला.

"आली, ताजी काकडी आली! बोला, किती घास?"

पोरं चमकली. लिलाव त्यांच्या ओळखीचा. आयांच्या कडेवरून रोज बघितलेला. अजिंक्यच्या तोंडावरचा हात खाली आला.

"एक घास," तो म्हणाला.

"एका घासात शेपूटसुद्धा मिळायचं नाय," हिराबाई म्हणाल्या.

दिशा वळून दोन घास बोलली, अजिंक्य तीनवर गेला, दिशा चारवर. एकवार, दोनवार, तीनवार होऊन काकडी दिशाच्या वाटीत पडली. बोललेले घास खाल्ले नाहीत तर पुढच्या बोलीला बसायचं नाही, असा हिराबाईंचा नियम. त्यामुळे दिशाने चारही घास निमूट चावून गिळले. मग गाजर निघालं, मूग निघाले. बिटाला ऋतिकाने गालावरचे अश्रू न पुसताच शंभर घासांची बोली लावली. सहाव्या घासाला ती दमली, तेव्हा तिचे उरलेले घास उद्या खायचे ठरले आणि परातीतलं बीट बाकीच्या पोरांनी बोली लावून संपवलं.

पर्यवेक्षिका आल्या तेव्हा परातीत लाल पाणी तेवढं उरलं होतं. त्यांनी फोटोसाठी मोबाइल काढला आणि सॅलड कुठे आहे म्हणून विचारलं. संपलं, असं योगिनीने सांगताच त्यांनी तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग तिने पोरांना जिभा बाहेर काढायला सांगितलं. पंधरा जिभा बाहेर आल्या, एकजात लालभडक.

बाई खळखळून हसल्या. त्यांनी फोटो काढला तो त्या जिभांचाच. सकाळपासून आपल्या पोटात काही नाही, हे मग त्यांनी हळूच कबूल केलं.

एक काकडी उरली होती. योगिनीने ती चिरली, लिंबू पिळून बाईंपुढे ठेवली आणि तीच ताटली सासूबाईंपुढेही सरकवली. हिराबाईंनी नाइलाजाने एक फोड तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ कमी हाय गो," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्या फोडीला हात घातला.