कालव्याकडची केबल

हडपसरला आमची मेनफ्रेम, म्हणजे महाकाय संगणक आहे आणि तिची जोडीदार वाघोलीला. एका विमा कंपनीचं काम दोघी मिळून करतात. इस्पितळातून मंजुरीची मागणी आली की ती नोंद हडपसरला लिहायची, तीच वाघोलीलाही लिहायची, आणि दोन्हीकडून 'लिहिलं' असं आल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक बंद पडली तरी दुसरीकडे सगळं जसंच्या तसं असतं. त्यासाठी दोघींमध्ये अतिवेगवान केबल लागते, आणि ती तुटलीच तर असावी म्हणून आणखी एक. पहिली हमरस्त्याने गेली होती. दुसरी केतकरांच्या गल्लीतून न्यायचं मी ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

श्यामसुंदर केतकर त्या सोसायटीचे चेअरमन, आणि गल्ली सोसायटीच्या मालकीची. हे गृहस्थ सदाशिव पेठेतून हडपसरला राहायला आले, पण येताना पेठ सोबत घेऊन आले. माझा अर्ज त्यांनी दारातच उभ्याउभ्या वाचला.

"खणणार?"

"लगेच बुजवून देऊ, काका."

"नाही."

"कारण तरी सांगाल का?"

"'हो'ला कारण लागतं. 'नाही'ला लागत नाही."

मी पुन्हा पुन्हा गेले. एकदा तर त्यांनी दार न उघडताच आतून 'नाही' म्हणून सांगितलं. माणसाने किती हेकट असावं!

इकडे विमा कंपनीचे विश्वजीत साहेब रोज बजावत होते : एक जरी नोंद हरवली किंवा मंजुऱ्या रखडल्या, तर काम पुण्यातून हलवू. माझ्या सगळ्या टीमची बिऱ्हाडं इथली. सौमित्रने तर नुकतंच वाघोलीत घर घेतलं होतं. मला जेवण गोड लागेना.

शेवटी नाइलाजाने केबल कालव्याच्या कडेने, भला मोठा वळसा घालून नेली. केबलमधून नोंदी प्रकाशाच्या रूपाने जातात, आणि प्रकाशालाही अंतर कापायला वेळ लागतोच. एका नोंदीला तो कळणारही नाही, पण लाखो नोंदी वाट बघत थांबल्या की काम तुंबतं. चाचणीसाठी सगळं काम ह्या केबलवर टाकलं तेव्हा आमचंही तुंबलं. मग सौमित्र म्हणाला, "मॅडम, प्रत्येक नोंदीला कशाला थांबायचं? हडपसर लिहून पुढे जाऊ दे, वाघोली मागून लिहील. फक्त फायनल मंजुरी देण्याआधी विचारायचं, तुझं लिहून झालं का? झालं असेल तरच ओके."

तशी सोय यंत्रात होतीच, आम्ही ती कधी वापरली नव्हती. वापरली आणि गाडी रुळावर आली. केतकरांच्या नावाने बोटं मोडणं मात्र मी थांबवलं नाही.

मग एका दुपारी चौकात ड्रेनेजसाठी जेसीबी आला आणि त्याने आमची हमरस्त्याची केबल उखडली. पडद्यावर लाल अक्षरं झळकली. सौमित्रने पुढे वाकून बघितलं. "मॅडम, कालव्याची चालू आहे!"

एकही नोंद हरवली नाही. इस्पितळांना काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी विश्वजीत साहेबांचा फोन आला, काम पुण्यातच राहणार. टीममध्ये टाळ्या वाजल्या आणि मी नकाशा उघडून बसले. केतकरांची गल्ली त्याच चौकात निघते. तिथून पुढे दोन्ही केबल्स एकाच चरातून जाणार होत्या. म्हणजे त्या जेसीबीने एका फटक्यात दोन्ही तोडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेढे घेऊन मी केतकरांच्या दारात उभी राहिले.

"केबलवाल्या ना? उत्तर तेच आहे," ते म्हणाले.

"आभार मानायला आलेय, काका."

"कशाचे? मी तर नाही म्हटलं होतं."

"त्याचेच." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा काही हलला नाही.

"ते मी तुमच्यासाठी केलं नव्हतं," ते म्हणाले.

तेवढ्यात गल्लीतून एक बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. गतिरोधकापाशी बरोबर पाय उचलला, उघड्या गटाराला वळसा घातला आणि फाटकाची कडी सरळ हातात धरली. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. मी 'नमस्कार' म्हटलं तेव्हा माझ्या आवाजाकडे बघितलं.

"कोण आलंय हो?"

"खणणाऱ्या बाई. आता पेढे वाटतायत. ही आमची विमल."

विमलबाई हसल्या. "ह्यांनी तुम्हाला काही सांगितलं नसेलच. माझी दृष्टी गेली तेव्हा ह्यांनी हाताला धरून ही गल्ली माझ्याकडून पाठ करून घेतली. बाहेरचं जग म्हणून मला एवढंच उरलंय. चर खणला, खडीचे ढीग पडले, की मी घरातच."

"अहो, मग अर्जावर तेवढं लिहिलं असतं तर..." मी केतकरांना म्हटलं.

"तिचं दुखणं अर्जावर लिहू?" ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आत गेले.

माझे डोळे भरून आले. आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या ह्या बाईंच्या पायांखालच्या रस्त्यामुळे वाचल्या होत्या. मी वाकून त्यांना नमस्कार केला. 'येते, काकू' म्हणताना आवाज चिरकला आणि तो त्यांनी ऐकला.

"अंधार पडायला लागलाय ना? दिवे अजून लागले नसतील," त्या म्हणाल्या. "चला, कोपऱ्यापर्यंत सोडते."

त्यांनी माझा हात धरला, आणि मी त्यांच्यामागून मुकाट्याने चालायला लागले.